ढालवाला

कानिफनाथने कागदावरचा 'योद्धा' हा शब्द खोडरबराने इतका घासला, की कागदाला भोक पडलं.

"अरे, फाडलास की," दिशा म्हणाली. "दुसरा देते. पण बदलायचंय काय?"

"सहाव्या लेव्हलपासून मला वैद्य कर."

रविवारची दुपार होती. श्रीगोंद्यातल्या ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दिशा शिकवायची तो रविवारी बंद असे आणि किल्ली तिच्याकडे असे. वर्षभर चौघं गोष्टीचा खेळ खेळायला तिथंच जमत होती. टेबलावर फासे, पेन्सिली, भाजलेल्या शेंगा. दिशा गोष्ट सांगायची, त्यातली जंगलं आणि राक्षस तिचे. बाकीची तिघं आपापल्या पात्राचा डाव खेळायची. हर्षल जादूगार. संस्कृती पुढची वाट काढणारी हेर. आणि कानिफनाथ सगळ्यांच्या पुढं ढाल घेऊन उभा राहणारा योद्धा. आज मात्र खेळ नव्हता. पुढच्या पाच लेव्हलांत कुणाला कोणती शक्ती घ्यायची, कुणी कोणती नवी भूमिका जोडून घ्यायची, याचा आराखडा चालला होता.

"तू वैद्य झाल्यावर पुढं कोण? मी?" हर्षल म्हणाला. "माझा जादूगार एका तडाख्यात आडवा होतोय."

"तुमचं तुमी बघा."

"दोन्ही कर ना," संस्कृतीने मध्यम मार्ग काढला. "हळूहळू वैद्य हो. ढाल राहू दे हातात."

"ढाल नको."

हर्षल हसला. "बिबट्या पळवलेला माणूस तू. अख्ख्या तालुक्यानं तुझं स्टेटस ठेवलं, आन् कागदावरच्या राक्षसाला भितो व्हय?"

कानिफनाथ हसला नाही. त्याने शेंगेचं एक टरफल उचललं आणि त्याचे बारीक बारीक तुकडे करत राहिला.

तो वनखात्याच्या पथकात रोजंदारीवर होता. नऊ दिवसांपूर्वी तो आणि जुने वनमजूर भिमाजी उसाच्या कडेला लावलेला पिंजरा बघायला गेले होते. पिंजरा रिकामा होता. बिबट्या त्याच्या मागच्या उसात बसलेला होता. भिमाजींचा खांदा फाटला. पलीकडच्या रानात खुरपणाऱ्या बायकांनी मोठी आरोळी ऐकली, जनावर उसात शिरताना पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की कानिफनं नुसत्या आवाजावर वाघ पळवला. मंगळवारी गावात त्याला शाल-नारळ मिळाला.

टेबलावरचा त्याचा मोबाईल थरथरला. 'भिमातात्या'. कानिफनाथने तो पालथा घातला.

"उचल की," संस्कृती म्हणाली. "दवाखान्यातून घरी आले ना ते?"

"परवा आले."

"मग?"

फोन थांबला. पुन्हा सुरू झाला, आणि थरथरत फाशांकडे सरकू लागला. कानिफनाथने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. तरी त्याची प्लास्टिकची खुर्ची बारीक वाजत होती, हे दिशाच्या लक्षात आलं.

"मी आरोळी न्हवती ठोकली," तो म्हणाला. कुणी काही विचारलं नव्हतं. "किंचाळलो हुतो. पळताना."

हर्षल शेंग फोडायचा थांबला.

"जाळी माझ्या हातात हुती. तात्या पुढं, मी चार पावलं मागं. जाळी टाकली आन् पळालो. बांध वलांडला, मग मागं बघितलं. तवर जनावर त्यांना सोडून चाललं हुतं. का सोडलं, मला म्हाईत न्हाई."

"तात्यांना माहितीये हे?" दिशाने हळूच विचारलं.

"त्यांनीच तर बघितलं. खाली पडल्यावर तोंड माझ्याकडंच हुतं त्यांचं."

फोन तिसऱ्यांदा वाजला. आता काय ऐकायला लागेल ते दिशालाही नको होतं. पण वाजणाऱ्या फोनकडे तसं बघत बसणं त्याहून अवघड झालं. कानिफनाथ मान हलवत असतानाच तिने तो उचलला.

"तात्या, मी दिशा बोलतेय. कानिफची मैत्रीण."

"तो हाय का तिथं?" आवाज अगदी दबका होता, कुठंतरी लपून बोलल्यासारखा.

तिने कानिफनाथकडे पाहिलं. तो दाराकडे बघत होता.

"आहे."

"त्याला म्हनावं, बायकू लेकीकडं गेलीय. मी एकलाच हाय घरात." मग नुसता श्वास ऐकू आला. "मागच्या उसात काय तरी हालतंय. वारंच असंल. मला कळतंय, वारंच असंल. पर म्हनावं, जरा येऊन बस."

"शेजारच्या कुणाला हाक—"

"दुसरं कुनी नगं, पोरी. त्यांना काय सांगू? तीस वर्सं रानात काढली म्या. ह्या पोरानं बघितलंय ते. त्याला सांगाया लागत न्हाई."

दिशाने ते जसंच्या तसं सांगितलं. कानिफनाथने दोनदा विचारलं, "मला? मलाच म्हणाले?" मग तो उठला, बसला, पुन्हा उठला.

"गाडीवर मागं बसशील का?" तो तिला म्हणाला. "एकट्यानं जमायचं न्हाई मला."

भिमाजींची वस्ती गावापासून चार किलोमीटरवर होती. डांबर संपलं तिथं कानिफनाथने मोटारसायकल थांबवली आणि पाय खाली टेकवला. पुढची वाट बैलगाडीपुरती, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. ऊन अजून चांगलं होतं, पण ते वाटेवर पोचत नव्हतं. वर्षभर दिशाने या लोकांना किती जंगलांतून नेलं होतं, तेही शेंगा खात खात. वारं नसतानाही ऊस वाजतो, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं.

"चल," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

कानिफनाथने हॉर्नवर अंगठा ठेवला, तो घर येईपर्यंत काढला नाही.

पत्र्याचं घर. साडेचारच्या उन्हात दार बंद, खिडक्याही बंद. अंगणातल्या कोंबड्या तेवढ्या निवांत फिरत होत्या. कानिफनाथने दारावर थाप मारली.

"कोन?"

"मी हाय, तात्या."

"कोन?"

"कानिफ."

मग कडी निघायच्या आधी काहीतरी जड फरशीवरून सरकू लागलं. लोखंडी पेटी असावी. एका हाताने ओढत असल्यासारखी ती जराशी सरके, थांबे, पुन्हा सरके. पेटीमागून आणखी काहीतरी सरकलं.

दिशा उसाकडे तोंड करून उभी राहिली. कानिफनाथने दोन्ही तळवे दारावर टेकवले आणि कपाळ फळीला लावलं.

"दमानं, तात्या," तो म्हणाला. "टाके तुटतील. दमानं. मी हितंच हाय."