सत्ताविसावं भोक

मित्रांनो, मला उचलताना जरा जपून, कडा फार ठिसूळ झाल्या आहेत. मी एक जुना, भोकं पाडलेला पुठ्ठा आहे. हसू आलं ना? येऊ द्या. एके काळी माझ्या नावाने भलेभले टरकायचे.

माझा जन्म परीक्षा विभागाच्या मागच्या खोलीत झाला. नोकरभरतीच्या परीक्षेत तर्काचे पन्नास प्रश्न असायचे; प्रश्नपत्रिका परत घेतली जायची, म्हणून दरवर्षी तेच. प्रत्येकाला चार पर्याय, चार गोल. उमेदवाराने त्यातला एक काळा करायचा. एवढ्या उत्तरपत्रिका एकेक वाचत कोण बसणार? म्हणून मी. बरोबर उत्तराच्या जागी माझ्या अंगात भोक. मला उत्तरपत्रिकेवर ठेवायचं, भोकातून काळं दिसलं की एक गुण. काम फत्ते.

मला घडवलं घड्याळ सरांनी. हे त्यांचं टोपणनाव, कारण सगळं काम ते मनगटाकडे बघत उरकायचे. उत्तरांची यादी यायला उशीर झाला, तर म्हणाले, "यादी कशाला हवी? मी काय आज शिकतोय?" आणि प्रश्न सोडवत सोडवत पंचने भोकं पाडत सुटले.

सत्ताविसावा प्रश्न अक्षरमालेचा होता. क, ख, घ, छ, पुढे कोण? क वरून एक घर पुढे गेलं की ख. तिथून दोन घरं पुढे घ. तिथून तीन घरं, ङ, च, छ. आता चार घरं जायचं होतं. सर बोटांच्या पेरांवर मोजू लागले, "ज, झ, ट, ठ. ठ!" मधला ञ राहूनच गेला. रोजच्या लिहिण्यात तो येतो तरी कुठे? पण मागे ङ मोजला होता, म्हणजे पुढे ञ मोजायलाच हवा, हे ती माला स्वतःच ओरडून सांगत होती. उत्तर होतं ट. भोक पडलं ठ वर.

दोन दिवसांनी खरी यादी आली. सरांनी तो बंद लखोटा तसाच माझ्या वरच्या कडेला टाचून टाकला. उघडला कुणी नाही.

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. तपासनीस माझी पाठ थोपटून म्हणायचे, "माणसाचा डोळा चुकेल, हा चुकायचा नाही. याला ना भूक, ना झोप, ना वशिला." मी फुगून टम्म! किती जणांचे ट माझ्याखाली गुदमरले, मी कधी मोजलं नाही.

त्या खोलीत शिपाई मावशी होत्या. गठ्ठे वाहायच्या, झाडायच्या, मला फडक्याने पुसायच्या. एका वर्षी त्यांची धाकटी परीक्षेला बसली. वयाच्या अटीमुळे तिची ती शेवटचीच संधी. पास व्हायला चाळीस गुण हवे होते.

तिच्या उत्तरपत्रिकेवर मला ठेवलं तो क्षण मी विसरलो नाही. कच्च्या कामाच्या जागेत तिने बारीक अक्षरांत सगळी अक्षरं ओळीने लिहिली होती, ङ आणि ञ सकट, आणि खाली उड्यांच्या छोट्या कमानी काढल्या होत्या. एक, दोन, तीन, चार. शेवटची कमान बरोबर ट वर टेकली होती. नेमकी तीच जागा माझ्या अंगाखाली झाकली गेली. तपासनिसांना दिसलं फक्त ठ वरचं कोरं भोक.

गुण भरले एकोणचाळीस.

मावशी हात जोडून आल्या. "साहेब, एकदा परत बघा ना. पोरगी म्हणते, सत्ताविसावा नक्की बरोबर आहे. तीनदा मोजलाय म्हणते."

तपासनीस भले होते. "बघू की मावशी, शंका नको राहायला." त्यांनी मलाच उचललं आणि पुन्हा त्याच कागदावर ठेवलं. फेरतपासणी म्हणतात ती ही.

"एकोणचाळीसच भरतायत हो."

"जाऊ द्या, उगाच तुम्हाला त्रास," मावशी म्हणाल्या. "चुकली ती चुकली, वर तोंड करून बोलते. घरी गेल्यावर बघते तिच्याकडे."

मला तोंड असतं तर! पण मला फक्त भोकं होती.

पुढे तपासायला यंत्र आलं आणि मी कपाटात पडलो. मावशी गेल्या. लेक नापास झाली ती झालीच, वर खोटं बोलली, हे मनात घेऊनच गेल्या. त्यांच्या जागी झाडायला तीच धाकटी लागली.

परवा कपाट रिकामं करताना मी तिच्या हाताला लागलो. तिने माझ्यावर बोट फिरवलं, सत्ताविसाव्या ओळीवर थांबली. तिने ट काळा केला होता, त्या जागी भोक नव्हतं. मग लखोटा उघडला. आत स्वच्छ लिहिलं होतं, सत्तावीस, ट.

मला घेऊन ती नव्या साहेबांकडे गेली. ते हळहळले. "अरेरे! पण आता काय करायचं गं? उत्तरपत्रिका कधीच रद्दीत गेल्या. जाताना हा पुठ्ठाही टाकून दे."

तिने मला टाकलं नाही. घरी नेलं, भिंतीवरच्या आईच्या फोटोसमोर धरलं आणि म्हणाली, "आई, माझं बरोबर होतं गं."

फोटोवर धूळ होती. ती तिने पदराने पुसली आणि मला त्याच्या मागे ठेवून दिलं.

मित्रांनो, माझी कीव नको. एवढंच ऐका. कुणी हात जोडून सांगायला आलं की माझं बरोबर आहे, तर त्याच्या कागदावर मला पुन्हा ठेवू नका. आधी मला तपासा.