चार बोटं भुई

बकारामचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, आणि ही गोष्ट साऱ्या जगात दोघांनाच पक्की ठाऊक होती. एक गोंदियाच्या दवाखान्यातले डॉक्टर आणि दुसरी बकारामची बायको देवकाबाई. खुद्द बकारामला मात्र वाटे, की हात चढतो आहे. सावकाश चढतो आहे, पण चढतो आहे.

हात गेला तो लॉरीपायी. लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना, म्हणून तेंदूपानाच्या ठेकेदाराने लॉरीच्या मागे कोळशाची भट्टी बसवून घेतली होती. त्या भट्टीच्या गॅसवर लॉरी सपाटीला बरी चाले. चढ आला की तिला धाप लागे. उन्हाळ्यात देवरीकडून पानांची पोती भरून येताना एका चढावर तिची धाप कायमची थांबली. ती जशी चढली होती तशीच उलटी उतरत गेली आणि नाल्यात आडवी झाली. पोत्यांवर बसलेला हमाल बकाराम पोत्यांच्या खाली सापडला.

प्लास्टर निघाले तोवर श्रावण लागला. डॉक्टरांनी त्याला भिंतीशी उभे केले, हात वर करायला लावला, टेप लावून मोजले आणि दाखल्यावर लिहिले : जमिनीपासून बावन्न इंच, याहून वर जाणार नाही. बकारामला म्हणाले, "हलवत राहा." देवकाबाईला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, जेवढा व्हायचा तेवढा झाला."

आता बकाराम म्हणजे कोण? एका हाताने डोक्यावरचे पोते तोलायचे आणि दुसरा हात ड्रायव्हरच्या नाकासमोर नाचवत त्याला शिव्या द्यायच्या, ही त्याची देवरी ते गोंदिया ख्याती. असल्या माणसाला असे कसे सांगायचे? देवकाबाईने सांगितले नाही.

कामठ्याला घरी आल्यावर बकारामने स्वतःच टूम काढली. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभे राहायचे, हात जाईल तेवढा वर न्यायचा आणि बोट टेकेल तिथे देवकाबाईने चुन्याची रेघ ओढायची. दर सोमवारी. तीन सोमवार रेघेवर रेघ पडली. तिसऱ्या सोमवारी बकाराम भिंतीकडे तोंड करून निजला तो दोन दिवस उठला नाही. शिव्यासुद्धा देईना. देवकाबाईला तेव्हा खरी भीती वाटली.

चौथ्या सोमवारी जे झाले ते तिने मुद्दाम केले नव्हते, एवढे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्या कोपऱ्यात उंदरांनी बीळ पाडले होते. आदल्या दिवशी तिने ते मातीने बुजवले, वरून शेणाने सारवले. माती जरा जास्त झाली. सोमवारी बकाराम उभा राहिला, आणि बोट रेघेच्या अर्धे बोट वर टेकले.

"देवके! पाह्य वो, पाह्य! चढला!"

त्याने आपल्या हाताकडे असे पाहिले, की जणू तो शेजाऱ्याचा हात आहे आणि फार दिवसांनी भेटायला आला आहे. मग सदरा अडकवून तो गावात हात दाखवायला गेला. देवकाबाईने एकदा रेघेकडे पाहिले, एकदा भुईकडे पाहिले, आणि चुन्याची डबी कोनाड्यात ठेवून दिली.

त्यानंतर अधूनमधून रविवारी ती तळ्यावरून माती आणू लागली. फार नाही. एका आठवड्याला कणभर, दुसऱ्याला काहीच नाही. दर आठवड्याला चढला तर बकारामलाही संशय आला असता. कोपरा तेवढा उंच दिसू नये म्हणून ती माती उंबऱ्यापर्यंत उतरती करीत नेई. शेजारची शामकला एक दिवस म्हणालीच, "काऊन वो देवका, तुह्या घरी पाणी सांडलं का सरळ माह्या दारात येऊन राह्यलं!"

"तुह्या घरावर जीव आहे त्याचा," देवकाबाई म्हणाली.

माघापर्यंत हात चार बोटे चढला होता.

इकडे गोंदियाच्या केशोराव वकिलांनी भरपाईचा अर्ज लावून दिला होता. कामावर असताना मजूर जखमी झाला तर मालकाने भरपाई द्यावी असा कायदा आहे, हे बकारामला त्यांच्याकडूनच कळले. "पण एक आहे," केशोराव दोघांना म्हणाले होते. "हात कायमचा गेला असेल तरच काही पदरात पडेल. बरा होणारा असेल, तर ठेकेदार दवाखान्याचे दिवस मोजून मोकळा होईल. डॉक्टरांनी इथं लिहिलंय, परमनंट."

बकारामची मान ताठ झाली. गोंदियाच्या स्टेशनवर परमनंट झालेला माणूस सात गावांत पेढे वाटतो, हे त्याने पाहिले होते. "म्हंजे चांगलं का वाईट, वकीलसाहेब?"

केशोरावांनी दाखल्याची घडी केली. "कागदावर चांगलं," ते म्हणाले.

सुनावणीच्या आठ दिवस आधी देवकाबाई तळ्यावरून आली, तर घरातून ठेकेदाराचा मुनीम छोटेलाल बाहेर पडत होता. हातात सुताचा दोरा, तो खिशात कोंबत होता. "राम राम भाभी! तबीयत पूछने आया था. बकारामभाऊ तो अच्छे हो रहे हैं, भगवान की कृपा!"

आत बकाराम खूश होऊन बसला होता. "चांगला मानूस आहे वो तो. रेघा पाह्यल्या त्यानं. दोऱ्यानं मोजल्यासुद्धा. म्हने, वा!"

देवकाबाईच्या डोक्यावरची टोपली तशीच राहिली. दोरा कशासाठी होता ते तिला कळले. आणि तो दोरा तोडायला काय बोलावे लागेल, तेही कळले.

सुनावणी भंडाऱ्याला, भरपाईचा निकाल देणाऱ्या साहेबांपुढे होती. कचेरीच्या व्हरांड्यात तिने केशोरावांना गाठले आणि सगळे सांगितले. केशोरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुमच्या कानात सांगितलं, तेवढ्यात भागत नाही का जी?" तिने विचारले. "तुमी साहेबाच्या कानात सांगजा."

"कोर्टाला कान नसतो, बाई. उभं राहून मोठ्यानं बोलावं लागतं. सगळ्यांसमोर."

"त्याह्यच्या समोर?"

"त्यांच्या समोर."

ती पदराचे टोक पिळत बसली. सहा महिने जे तोंडातून निघू दिले नाही, ते आता मोठ्याने, शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलायचे. न बोलावे तर ठेकेदार सुटतो, आणि एका हाताच्या हमालाला पुढे कोण पोसणार? बोलावे तर घरचा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजतो. आणि या खेपेला उठेलच, असे कुठे होते?

आत छोटेलालची साक्ष झाली. त्याने दोरा काढून दाखवला. पहिली रेघ ते शेवटची रेघ, बरोबर चार बोटे. ठेकेदाराचे वकील गोड हसले आणि त्यांनी बकारामला विचारले, "हाताला आराम पडतोय ना?"

"पडते का म्हंजे!" बकाराम म्हणाला. "चार बोटं चढला. बायकोले इचारा, रेघा तिच्याच हातच्या आहेत."

केशोरावांनी डोळे मिटून घेतले.

"साहेब, याच चालीनं दोन वर्षांत हे गृहस्थ पोती उचलतील," ठेकेदाराचे वकील म्हणाले. "यात कायमचं काय आहे?"

देवकाबाईला पुढे बोलावले. शपथ झाली. साहेब वयस्क होते, आवाज मऊ होता. "बाई, रेघा तुम्ही ओढल्या?"

"हो जी."

"हात चढला तसतशा?"

तिने बकारामकडे पाहिले. तो तिला मान हलवून धीर देत होता. बोल, घाबरू नको. तेवढ्यानेच तिला रडू आले.

"हात नाही चढला, साहेब," ती म्हणाली. "भुई चढली."

कचेरीत कुणाला काही उमजले नाही. मग तिने उंदराच्या बिळापासून सांगितले. टोपल्या सांगितल्या. उतार सांगितला. शामकलाच्या दारातले पाणीसुद्धा सांगितले, कारण एकदा बोलायला लागल्यावर कुठे थांबावे हे तिला सुचेना. कारकून तोंडाला रुमाल लावून खाली वाकला. बकारामने मान हलवणे केव्हाच थांबवले होते.

"नवऱ्याच्या फायद्यासाठी बाई काहीही बोलेल, साहेब," ठेकेदाराचे वकील म्हणाले.

साहेबांनी दाखला उचलला. "श्रावणात डॉक्टरांनी जमिनीपासून मोजलंय. बावन्न इंच. इथली जमीन तरी बाईंनी सारवलेली नाही." शिपायाला टेप आणायला सांगितले.

बकाराम कचेरीच्या भिंतीशी उभा राहिला. त्याने दात खाल्ले, टाचा उचलल्या. "टाचा खाली," साहेब म्हणाले. टाचा खाली आल्या. हात खांद्यापाशी येऊन थांबला.

"बावन्न, साहेब."

"अजून एक डाव मोज," बकाराम शिपायाला हळूच म्हणाला.

शिपायाने मोजले. "बावन्नच आहे, भाऊ."

छोटेलालने दोऱ्याची गुंडाळी केली. साहेबांनी बराच वेळ लिहिले आणि वाचून दाखवले : हाताची इजा कायमची, भरपाई मंजूर, रक्कम महिन्याच्या आत मालकाने भरावी. केशोराव बकारामची पाठ थोपटणार होते. पण त्याचा चेहरा पाहून त्यांनी आपलेच कागद थोपटले.

स्टेशनपर्यंत बकाराम पुढे चालला, देवकाबाई मागे. गाडीत बसला तो खिडकीबाहेर पाहत. एक स्टेशन गेल्यावर म्हणाला, "सहा महिने मले उल्लू बनवून राह्यली तू."

"सहा नाही. पयले तीन सोमवार खरे होते."

"साऱ्या गावाले हात दाखवत हिंडलो मी."

"मी काय म्हनलं होतं दाखवा म्हनून?"

तो पुन्हा खिडकीकडे वळला. तिकडे पाहतच म्हणाला, "किती टोपल्या?"

"सतरा. का अठरा असतीन."

"तळ्यावरून? डोक्यावर?"

"मंग काय लॉरीवर?"

बकारामच्या मिशीखाली काहीतरी हलले, पण त्याने ते दाबले. देवकाबाईने तिकडे पाहायचे टाळले. त्याच्या मनात काय चालले आहे हे विचारायची तिला हिंमत होत नव्हती.

तुमसरला गाडी थांबली. एक म्हातारी भलेमोठे गाठोडे घेऊन चढली, डब्यात नजर फिरवली आणि रुंद छातीचा बकाराम पाहून त्याच्याच पुढे येऊन उभी राहिली. "बापू, येवढं वर ठेवून दे जो."

देवकाबाईने त्याच्याकडे पाहिले. एरवी तो उठला असता, झटला असता, गाठोडे म्हातारीच्या डोक्यावर पाडले असते आणि दोष वरच्या फळीला दिला असता.

बकाराम उठला नाही. उजवा हात त्याने जाईल तेवढा वर केला, खांद्यापाशी थांबवला आणि म्हातारीला नीट दाखवला.

"हा हात येवढाच, आजी. कायमचा. साहेबानं लिहून देल्लं." आवाज जरा घोगरा होता, पण थांबला नाही. मग त्याने हनुवटीने शेजारी खूण केली. "हिले सांग. माही बायको आहे. गाठोडं कोन्ती चीज आहे, ही बाई भुई उचलते."

म्हातारी दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिली.

"सरका तिकडे," देवकाबाई म्हणाली, आणि बाकावर पाय देऊन उभी राहिली. गाठोडे वर ठेवल्यावरही ती खाली उतरायला जरा वेळ लावत होती, तोंड फळीकडे करून.

"उतर आता," खालून बकाराम म्हणाला. "का तिथंही सारवून राह्यली?"