मनुबाईचं नाक आणि दुधातली पुडी

सुक्या मासळीच्या बाजारात नाकाशिवाय धंदा करायचा म्हणजे सोनाराने डोळे मिटून सोनं पारखायचं. कोलशेतची मनुबाई कोळीण दोन वर्षं नेमकं तेच करत होती. गिऱ्हाइकासमोर मूठभर जवळा उचलायचा, नाकाशी धरून वास घ्यायचा आणि मगच तराजूत टाकायचा, ही तिच्या सासूपासूनची रीत. मूठ ती अजूनही नाकाशी न्यायची, पण नाक कसलं गच्च! कपाळ जड, गालफडं ठणकायची, आणि वास औषधालाही नाही. मग ती हळूच शेजारी बसलेल्या सुनेकडे बघायची. सरस्वतीने मान हलवली की माल चांगला.

हे दोघींखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. बाजारात बभ्रा झाला असता तर मनुबाईला विक्रीची फळी सोडावी लागली असती. फळी सोडून नव्या बिल्डिंगमधल्या तळमजल्याच्या खोलीत दिवसभर बसायचं, हे तिला मुळीच नको होतं. पूर्वी सकाळभर ती घरासमोरच्या खळ्यावर बोंबील वाळवायची. अठ्ठ्याऐंशी साली खळं बिल्डरला दिलं, तेव्हापासून माल उत्तनहून यायचा. खोलीत भरदुपारी दिवा लावावा लागे आणि बाजारात डोक्यावर पत्रे.

शेवटी ती नौपाड्यातल्या नाकाच्या डॉक्टरांकडे गेली. "सायनस आहे, जुना," ते म्हणाले. थेंब झाले, वाफारे झाले, ऑपरेशनचीही गोष्ट निघाली. डॉक्टर भलते चौकस. मनुबाई बोलता बोलता नडगी चोळते आहे, हे त्यांनी हेरलं.

"मावशी, अंगाला ऊन कधी लागतं?"

"खला होता तवा लागायचा. आता खल्यावर बिल्डिंग उभी हाय."

त्यांनी दुधातून घ्यायची एक पुडी लिहून दिली. ड जीवनसत्त्वाची, आठवड्यातून एकदा. "ही हाडांसाठी हं, नाकासाठी नाही," असं बजावूनही सांगितलं. मनुबाईने ती नेमाने घेतली.

थंडी सरता सरता एका सकाळी स्टोव्ह पेटवताना तिला रॉकेलचा वास आला. ती तशीच जमिनीवर बसली. इतका घाणेरडा वास, पण तिला कोण आनंद झाला! कुणाला काही न सांगता ती बाजारात गेली. पहिल्याच गिऱ्हाइकासमोर मूठ उचलली, तर जवळा चक्क कुबट. तिने सरस्वतीकडे बघितलं. सरस्वतीने झोकात मान हलवली.

मनुबाईचं टाळकं सणकलं. "आज इकायचा नाय," म्हणून तिने गिऱ्हाईक परत धाडलं आणि घरी येताच सुनेला धारेवर धरलं.

"घान माल खपवतंस? माजा नाव बुडवायला?"

सरस्वती रडायलाच लागली. "मना बी वास येत नाय, आय. पावसाल्यापासना. तुमच्यावानी कपाल दुखता."

"मंग मान कशी हलवत व्हतीस?"

"रंग बगून. सांगितला असता त तुमी फली सोडली असती. या खोलीत कशा जगल्या असत्या तुमी?"

मनुबाईचा राग कुठल्या कुठे गेला. इतके महिने दोघी मिळून वास न घेताच मासळी विकत होत्या! तिला हसू आलं आणि सुनेच्या मायेने डोळेही भरून आले. तो जवळा तिने खाडीत ओतला.

डॉक्टरांना पुडीने नाक उघडल्याचं सांगितलं, तर ते खुर्चीतून उठलेच. "हाडांच्या पुडीने? पुस्तकात असं काही वाचलं नाही मी. थेंबांचाही गुण असेल, हवा बदलली तेही असेल." ते खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. "मावशी, एक करू या? पुडी दोन-तीन महिने बंद ठेवू. नाक पुन्हा बंद झालं, तर पुडीवर संशय घ्यायला जागा आहे."

मनुबाईलाही ते कोडं सुटत नव्हतं. दुधातून पोटात गेलेली पुडी नाकापर्यंत चढते कशी? डॉक्टरांइतकीच तिलाही उत्सुकता होती. पण पुन्हा ते गच्च कपाळ, पुन्हा ती नुसती नाकाशी न्यायची मूठ? ती उठली, बाहेरच्या बाकावर बसलेल्या सरस्वतीला दंडाला धरून आत घेऊन आली आणि आपल्या खुर्चीत बसवलं.

"माजा बंद करून कशाला बगताव, डाक्टर?" ती म्हणाली. "ही बी त्याच खोलीत ऱ्हाते. हिला पुडी द्या नि हिचा उघडता काय, ता बगा."