टाळी

दिराने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि आवाज वाढवला.

"ऐका सगळे, आपली वहिनी."

वहिनी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. ही कादंबरी तिने कपड्यांच्या कपाटात बसून, पंखा बंद ठेवून, घामाघूम होत वाचली होती.

"विकत घेतलंस?" वहिनीने विचारलं.

"छे! घरच्या माणसाचा आवाज कोण विकत घेतं?"

सगळे हसले. दिराच्या घरी जेवताना तोंड वाकडं करता येत नाही, म्हणून तीही हसली.

तेवढ्यात फोनमधून टाळी ऐकू आली आणि तिचा घास हातातच राहिला.

वाचताना चूक झाली की ती टाळी वाजवून वाक्य पुन्हा घेई. संकलक त्या टाळ्या शोधून चुका कापून टाकी. विकायच्या प्रतीत टाळी नसते. पण टाळ्यांसकटची कच्ची फाइल आधीच फुकटात फिरली, पुस्तक आपटलं आणि कंपनीने चौकशी लावली. कच्ची फाइल संकलकाशिवाय कुणाकडे नव्हती, असं तिनेच छातीठोकपणे सांगितलं होतं. त्याची नोकरी गेली. "ताई, मी नाही हो," एवढंच तो फोनवर म्हणाला होता. तिने पुढचं ऐकून घेतलं नव्हतं.

"तुला कुणी दिलं?"

"दादाने. कधीचंच. मी ऑफिसात सगळ्यांना पाठवलं. केवढं कौतुक झालं तुझं!"

शेजारी जेवणाऱ्या तिच्या नवऱ्याने मान वर केली नाही. "घरातल्या घरात तर दिलं होतं," तो पुटपुटला.

"पण ही टाळी कसली?" जाऊबाईंनी विचारलं.

"चूक झाली की वाजवते. मग दुसरा माणूस ती कापतो."

"मग कापली का नाही त्याने?"

"त्याच्याकडे जायच्या आधीच ही फाइल आमच्या घरातून बाहेर पडली होती. आणि नोकरी त्याची गेली."

नव्या पुस्तकाच्या करारावर उद्या सही व्हायची होती. खरं कळलं तर कंपनी तिला दारात उभं करणार नव्हती. तिला स्वतःची किळस आली.

"त्याला बिचाऱ्याला कळवायला हवं गं," जाऊबाई म्हणाल्या.

नवऱ्याने हात लांब करून फोन बंद केला. "भाजी छान झालीय," तो म्हणाला. "हिला वाढ अजून."

वहिनीने ताट पुढे केलं.