रग्बी क्लबची डोली

मी एक जुनी डोली आहे, मित्रांनो. मला भित्री म्हणालात तरी चालेल, कारण माझा जन्मच कोणाच्या तरी भीतीतून झाला. दोन लांब दांडे आणि मध्ये ताणलेले जाड कापड, एवढाच माझा देह. इस्पितळात मला स्ट्रेचर म्हणतात. डोली हे नाव आमच्या रग्बी क्लबने ठेवले, आणि त्या नावानेच पुढे सगळा घोळ केला.

शहराच्या टोकाला, जिथून बस वळून परत जाते, तिथे आमचे मैदान आहे. सुतारकाका, एक पोस्टमन आणि त्यांचे डझनभर दोस्त, अशांनी मिळून हा क्लब काढला. लंबगोल चेंडू कोणीतरी आणला. खेळाचे नियम पोस्टमनला अर्धेच ठाऊक होते. उरलेले अर्धे सगळे आपटून आपटून शिकले. ते आपटणे पाहून सुतारकाकांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, धास्ती घेतली. गोलखांब उभारून उरलेले दोन वासे अंगणात पडले होते. काकूंनी ते काकांकडून रंधा मारून घेतले, कापडाला स्वतः दुहेरी शिवण घातली आणि म्हणाल्या, "करा काय तो धिंगाणा. पण ही कडेला असलीच पाहिजे. आणि हिच्यावर कोणाला निजायची वेळ येऊ नये, बाई!"

पहिल्याच मोसमात पोस्टमनची नडगी मोडली. चौघांनी त्याला माझ्यावर घातले. तो वेदनेने पांढरा पडला होता, तरी हात हलवून म्हणाला, "येते हं मंडळी!" कोणीतरी ओरडले, "नवरी निघाली सासरी!" सगळे हसले, तोही हसला. त्याचे दुखणे हलके व्हावे म्हणून केलेली ती थट्टा होती. त्या दिवसापासून मी डोली, आणि माझ्यावर निजेल तो नवरी.

पुढे त्याची रीतच झाली. नवरी झालेला खेळाडू बरा होऊन परतला, की त्याने डोक्यावर टॉवेलचा पदर घ्यायचा आणि लाजत लाजत सगळ्यांना चहा द्यायचा. पत्र्याच्या खोलीची पक्की खोली झाली, दुसरा संघ निघाला, मुलींचा संघ निघाला. मुलींनी नवरीचा नवरदेव केला, पण रीत सोडली नाही. एका वर्षी करंडक जिंकला, तेव्हा तो माझ्यावर ठेवून मिरवला. माझ्या आयुष्यातली तेवढीच एक मिरवणूक!

मग हळूहळू माझ्यावर निजणारे कमी झाले. क्लबला वाटले, आपली पोरे कणखर झाली. मला मात्र भीती वाटू लागली. कारण मी कडेला पडून सगळे पाहत होते. गळ्याखालचे हाड, हासळी, मोडलेला एक जण डाव्या हाताने बाटली तोंडाला लावून "काही नाही, काही नाही" म्हणत होता. डोके आपटलेला दुसरा एकाच सामन्यात तीनदा विचारत होता, "आपण कोणत्या बाजूला खेळतोय रे?" त्यावर लोक हसत होते. जो लंगडत का होईना पण चालत बाहेर येई, त्याला टाळ्या मिळत. मला वाटे, अरे, मला बोलवा! पण माझ्यावर पाण्याच्या बाटल्या आणि ओल्या जर्सी टाकून सगळे मोकळे होत.

आणि गेल्या मोसमातला तो शेवटचा सामना आला.

आमच्या पुढच्या फळीत मधोमध मास्तर खेळतात. एरवी ते शाळेत गणित शिकवतात. दोन्ही संघांचे आठ-आठ गडी खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात, त्याला स्क्रम म्हणतात. तो स्क्रम त्या दिवशी कोसळला. सगळे उठले. मास्तर उठले नाहीत.

"मानेत कट्कन वाजलं," ते मातीत तोंड ठेवूनच म्हणाले.

आमचा कप्तान एरवी बस चालवतो. तो हसत म्हणाला, "उठा मास्तर! का व्हायचंय नवरी?"

"छे, उठतो ना... जरा हात द्या."

दोघे जण त्यांच्या काखेत हात घालायला वाकले. मला किंचाळावेसे वाटले. पण दांड्यांना का तोंड असते?

किंचाळली ती मास्तरांची बायको. कडेवरचे आठ महिन्यांचे बाळ तिने शेजारी उभ्या असलेल्या, समोरच्या संघाच्या एका आडदांड राखीव गड्याच्या हातात कोंबले आणि ती मैदानात धावली. "हात काढा! कोणी हलवायचं नाही त्यांना!"

"वहिनी, घाबरू नका, मुका मार असेल."

"मी घाबरणारच! तुम्हीही घाबरा जरा. अहो, बोटं हलवून दाखवा."

मास्तरांनी डाव्या हाताची हलवली. मग उजव्या हाताची हलवू पाहिली. "उजव्या हाताला मुंग्या आल्यात," ते हळूच म्हणाले.

कोणीच हसले नाही. पंचांनी फोन लावला. वहिनींनी सांगितले तसे कप्तान चिखलात पालथा पडला आणि त्याने मास्तरांचे डोके दोन्ही तळव्यांत होते तसेच धरून ठेवले. त्याच्या हनुवटीवरून घाम गळत होता, पण हात ढळले नाहीत.

"मला डोलीत नका घालू," मास्तर पुटपुटले.

"मी झाले होते एकदा नवरी," वहिनी रडत रडत म्हणाल्या. "तुमच्याशी लग्न करूनही जगलेच ना? पडून राहा गप."

वीस मिनिटांनी रुग्णवाहिका आली. चौघांनी जर्सी बाजूला भिरकावून मला उचलून नेले. पण रुग्णवाहिकेतल्या बाईंनी मला पाहताच हात आडवा केला. "ही नको! हिच्या कापडाला झोळ पडतो. मानेच्या दुखण्याला सपाट, टणक फळी लागते. हिच्यात घातलं असतं तर..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही.

मित्रांनो, इतकी वर्षे मी मनात ओरडत होते, मला बोलवा, मला बोलवा. त्या दिवशी कोणी माझे ऐकले असते तर?

मास्तरांच्या मानेचे हाड चिरले होते. एक हिसका बसला असता, तर त्यांनी पुन्हा खडू धरला नसता, असे डॉक्टर म्हणाले. चार महिन्यांनी ते गळपट्टा लावून मैदानावर आले. कोणी टॉवेल पुढे केला नाही. कप्तानाने खुर्ची आणली आणि स्वतः चहा आणून दिला.

आता क्लबने टणक फळी घेतली आहे, आणि मान-डोक्याला लागले तर काय करायचे ते शिकवायला एक परिचारिका येते. मी मागच्या खोलीत उभी असते. खिडकीतून तुमच्याएवढ्या मुलांचा सराव दिसतो. खूप खेळा, मित्रांनो. पडा, मातीत लोळा. पण दुखले तर दुखले म्हणा आणि पडून राहा. आणि दुसरा कोणी पडला, तर त्याला हसू नका. तुम्ही हसलात, तर तो उठेल. मला अजून त्याचीच भीती वाटते.