आबांचं नाव आन् मंगलची चढाई

माईक एकदा माझ्या हातात आला की तो परत घ्यायला तिघं लागत्यात, हे तेलगावात शेंबडं पोरगं बी सांगंल. मी शिवशंकर. मंडप, स्पीकर, लायटिंग भाड्यानं देतो आन् कबड्डीच्या सामन्याला फुकट ओरडतो. औंदा दसऱ्याच्या मागं पोरींच्या सामन्यात जे झालं ते सांगताना आज बी माझा आवाज चढतो. तवा जरा सांभाळून घ्या.

औंदाची खरी नवलाई म्हणजे गुणांची पाटी. माझ्या थोरल्या भावाची पोरगी सायली बीडला कॉम्प्युटर शिकती. तिनं माझ्याच गोदामातल्या जुन्या एलईडी पट्ट्या जोडून दारायेवढी पाटी उभी केली. मागं काडेपेटीयेवढी एक चिप. दोन्ही संघांचे गुण, चढाईचं घड्याळ, भोंगा, सगळं त्या चिपवर.

मी म्हणलं, "पोरी, येवढीशी चिप एका वक्ताला इतकी कामं करती?"

"एका वक्ताला एकच करती, तात्या. पण पाळी इतक्या पटापट बदलती की तुमाला सगळी संगच चालल्यासारखी दिसत्यात."

मंग तिनं मला समजावलं. ल्युआ नावाच्या भाषेत तिनं ते लिवलं हुतं आन् त्यातलं प्रत्येक काम म्हणजे एक कोरुटीन. "कबड्डीची चढाईच समजा," ती म्हणली. "काम आत जातं, थोडं करतं आन् आपल्या पायानं माघारी येतं. मंग दुसरं जातं. पुन्ना पाळी आली की पहिलं काम जिथं सोडलं हुतं तिथनंच पुढं सुरू."

"आन् एखादं माघारी आलंच न्हाई तर?"

"तर बाकीचे बसले बोंबलत. ह्यात कुणी कुणाला वढून बाहेर काढीत न्हाई, तात्या. ज्यानं त्यानं समजून जागा सोडायची."

"मंग हे आपल्या गावात चालायचं न्हाई," मी म्हणलं. पोरगी लई हासली.

आता मंगलचं सांगतो. मंगल आमची कॅप्टन आन् सायलीची बालपणापासूनची मैतरीण. बाप न्हाई. आई छबुबाई दरसाल ऊसतोडीला जाती. तोडीला माणसं जोडीनं घेत्यात, एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधून वाहायच्या, आन् त्या जोडीला कोयता म्हणत्यात. छबुबाईच्या कोयत्यात दुसरं माणूस म्हणजे मंगल. औंदा जिंकणाऱ्या संघाच्या कॅप्टनला पुण्याला राहून-खाऊन कबड्डीचं शिबिर मिळणार हुतं. छबुबाईनं पोरीला तोंडावर सांगितलं हुतं, "जिंकलीस तर शिबिराला जा. हारलीस तर गुमान गाडीत बसायचं." तोडीची गाडी फायनलनंतर दोन दिसांनी निघणार हुती. तोडीला टोळी नेणारा मुकादम सटवा तर सामना बघायला पहिल्याच रांगेत येऊन बसलता.

फायनलच्या सकाळी सामन्याच्या कमिटीचा आप्पाराव सायलीपाशी आला. ढाल दिलती तालुक्याचे पुढारी विजयसिंह आबांनी, तवा पाटीवर आबांचं नाव पळायला पायजे म्हणं. नुसतं नाव न्हाई. 'कार्यसम्राट, युवकांचे आशास्थान, गोरगरिबांचे कैवारी, क्रीडाप्रेमी, आदरणीय, माननीय' आन् मंग कुठं विजयसिंह आबा.

"आप्पाकाका, जरा कमी करू का?" सायली म्हणली.

"त्यातलं एक कमी केलं तर मला कमी करत्याल!"

पोरीनं एका हातानं भाकरी खात दुसऱ्या हातानं ते लिवलं आन् एक बटण आप्पारावाच्या हातात दिलं. दाबलं की नाव पळायचं. आप्पाराव ते बटण असं धरून बसला, जसं काय सगळा तालुका त्यावरच चालतोय.

दुपारी फायनल. आमी आन् पाली. काय सांगू गर्दी! पोरं झाडावर, ट्रॅक्टरच्या टपावर, पाण्याच्या टाकीवर. पालीच्या पोरी म्हणजे वाघिणी. त्यांच्या मास्तरीण जानकीबाई कडंला उभ्या राहून नुसत्या नजरंनं पोरी हालवायच्या. आमी गुण घेतला की त्या घेणार, त्या पुढं गेल्या की आमी गाठणार. माझा घसा बसला तरी मी माईक सोडला न्हाई. शेवटी गुण बरोबरीत आन् सामन्याची शेवटची चढाई आमची. मंगल उठली.

चढाईला तीस सेकंदं मिळत्यात. मंगल आत घुसली आन् पाटीवर आकडे पडायला लागले. अकरावर आले आन् त्याच घडीला फाटकातनं आबांची पांढरी गाडी आत शिरली. आप्पारावाचा अंगठा बसला बटणावर. पाटीवर कार्यसम्राट निघाले. मी बी गाढव, माईकवर आबांचं स्वागत करत सुटलो. तिकडं मंगल ह्या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात, हूल दे, माघार घे, पुन्ना हूल दे. शेवटी डाव्या कोपऱ्यातल्या पोरीला तिनं पायाचा अंगठा लावला आन् उलटी उडी मारून मधली रेघ गाठली. पाटीवर एक सेकंद शिल्लक!

आरारारा! सगळी गर्दीच आत घुसली. पोरींनी मंगलला खांद्यावर घेतलं.

जानकीबाई वरडत पंचाकडं पळाल्या, "लई टाइम झाला! माझ्या पोरी आतून मोजीत हुत्या!" पंचानं पाटीकडं बोट केलं. त्यानं आपलं घड्याळ सकाळीच खिशात घातलं हुतं, येवढी मोठी पाटी असताना ते कोण बघतंय. मी तर माईकवरनं म्हणलं, "हारलं की असंच सुचतं, बाई!"

तेवढ्यात माझा सदरा कुणीतरी वढला. सायली. तोंड पांढरंफट.

"तात्या, घड्याळ थांबलं हुतं."

"काय?"

"आबांचं नाव आत गेलं ते शेवटचं अक्षर सरंपर्यंत बाहेरच आलं न्हाई. सकाळच्या घाईत जागा सोडायची ओळच लिवायची ऱ्हायली माझ्याकडनं. तवर घड्याळाला पाळीच मिळाली न्हाई."

माझं डोकं सणकलं. मी माईक पोटाशी दाबला. "हे कुणाकुणाला कळलंय?"

"मला."

"मंग झालं तर! तोंड मिट. ती मंगल बघ तिकडं. आन् तो सटवा बघ."

"बघितलं, तात्या. तरी बी सांगावंच लागतंय," ती म्हणली. डोळ्यांत पाणी, पण हात पुढं. "माईक द्या."

मी दिला. देवाशप्पथ, कसा दिला मला म्हाईत न्हाई.

तिनं सगळं सांगितलं. चूक माझी हाय, पालीची तक्रार खरी हाय, नाव पळत हुतं तवर घड्याळ उभं हुतं. मंग जो गलका उठला! कुणी म्हणलं, "ही पालीला फितूर हाय का बे?" आप्पाराव घामानं निथळत म्हणाला, "आबांच्या नावानं घड्याळ थांबलं म्हणती? आबांच्या नावानं?" सगळं मैदान आबांकडं बघायला लागलं. मला वाटलं, आता माझा मंडपाचा धंदा बसला.

आबांनी पाटीकडं बघितलं, आप्पारावाकडं बघितलं. "का रं, माझं नाव येवढं लांब हाय?"

जे हासू फुटलं, पालीच्या पोरी सुद्धा पोट धरून बसल्या.

"काढून टाक पोरी," आबा म्हणाले.

"काढायचं कावून, आबा? तुमचं नाव बी पळंल आन् घड्याळ बी पळंल. मला फकस्त एक ओळ लिवू द्या."

पंचानं शिट्टी मारली. गुण रद्द, चढाई पुन्ना घ्यायची.

मंगल खांद्यावरनं उतरली आन् सरळ सायलीपुढं येऊन उभी ऱ्हायली. मला वाटलं, आता लावती कानाखाली. लावली असती तरी मी काय बोललो नसतो.

"किती टाइम फुकट मिळाला मला?"

"बारा सेकंदं," सायली पुटपुटली. "मंगे, तुझं शिबिर…"

मंगलनं तोंड फिरवलं. एकदा आईकडं बघितलं, मंग ढेकळाची माती तळहातांना चोळली. "नगंत मला ती बारा सेकंदं. लाव घड्याळ."

सायली लॅपटॉप घेऊन मातीतच बसली. भवती ही झुंबड. तिनं नावाच्या कामात एवढंच घातलं की एक अक्षर सरकवायचं आन् माघारी यायचं. दुसऱ्यांनी आपलं करून घेतलं की मंग पुढचं अक्षर. बटण दाबलं. कार्यसम्राट वरनं सरकायला लागले आन् खाली आकडे पडतायत, टकाटका! दोन्ही संगच! मला तर अंगावर काटा आला. ज्यांना त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं त्यांनी बी टाळ्या पिटल्या.

जानकीबाई मातर हुशार. "चढाई चालू असताना नाव पळवा," त्या म्हणाल्या. "आमच्या डोळ्याला दिसू द्या." पंचानं खिशातलं घड्याळ बी बाहेर काढलं.

मी माईक तोंडाला लावला तर सायली म्हणती, "तात्या, आता तुमी बी जरा जागा सोडा." मी गप झालो. तेलगावच्या इतिहासात पहिल्यांदा.

मंगल निघाली. तिच्या तोंडातलं कबड्डी, कबड्डी, कबड्डी पार टाकीवरच्या पोरांना ऐकू जात हुतं. पालीच्या पोरी आता तिची चाल वळखून हुत्या. डावा कोपरा मागं सरला, मधल्या दोघींनी हाताला हात धरून साखळी केली. वीस. मंगल डावीकडं झुकली, कुणी फसलं न्हाई. पंधरा. वर गोरगरिबांचे कैवारी चाललेत, खाली अकरा. दहा. मागच्या खेपेला इथंच घड्याळ उभं हुतं. आता ते उभं ऱ्हाणार नव्हतं आन् ते तिला पुरतं म्हाईत हुतं. ती सरळ साखळीवरच गेली! दोघींच्या हातावर हात मारला आन् वळली, तर एकीनं घोटा धरला. आपटली मंगल तोंडावर. पाच. दुसरी पाठीवर पडली. चार. मंगलनं कोपरं रोवली आन् दोघींना घेऊन सरकली. सरक पोरी, सरक! माझ्या हातातला माईक दाबून दाबून तुटायची पाळी आली. तीन. बोटं लांब केली. दोन.

बोटं रेघंवर पडली. मंग भोंगा वाजला.

पंचानं पाटी बघितली, हातातलं घड्याळ बघितलं आन् हात आमच्या बाजूला वर केला. पाली वरडली न्हाई. वरडायला जागाच नव्हती. जानकीबाईंनी सवता येऊन मंगलला मातीतनं उठवलं. सायली पाटीच्या खांबाला मिठी मारून हुंदके देत हुती आन् मी तिचं नाव घेत असा नाचलो की माझं धोतर कुणीतरी मागनं धरलं म्हणून वाचलो.

गर्दी फाडत छबुबाई आली. पदरानं पोरीच्या तोंडावरची माती पुसायला लागली.

मंगल धापा टाकीत म्हणली, "आये, जिंकले. आता सांग सटवामामाला, मी येत न्हाई म्हणून."

"ते मघाच सांगितलंय."

"मघा कवा?"

"तू खांद्यावरनं उतरलीस आन् पुन्ना जाती म्हणलीस ना, तवाच. म्हणलं, माझ्या जोडीला दुसरी बाई बघ. पोर न्हाई यायची आता, हारो न्हाईतर जिंको."

मंगलनं तिचा हात धरला. "मंग मला कावून न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं, भवाने," छबुबाई म्हणली, "तर दोघींना पाठीवर घेऊन अशी सरकली असतीस का?"