दहावा भाग

१९६६ साली मालन पहिल्या वर्गात मॅट्रिक झाली आणि महिन्याभरात घरी सरकारी पाकीट आलं. मजकूर इंग्रजीत होता. तिनंच वाचून बापाला सांगितलं, "आबा, कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळालीय. वर्षाला सातशे वीस."

बुधाजी चौक गावाजवळ सडकेच्या गँगमध्ये खडी टाकायच्या कामावर होता. तो हातपाय धुऊन नुकताच बसला होता.

"शिष्यवृत्ती म्हंजे सरकार देतं," तो म्हणाला. "कर्ज म्हंजे आपन घेतो आन् फेडतो. मग ह्ये काय हाय?"

"दोन्ही हाय."

"दोन्ही कसं असंल गं?"

मालननं समजावलं, पण त्याच्या डोक्यात काही शिरेना. हेडमास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, पेढे कधी देतोस? मुकादम म्हणाला, सही केलीस तर घरावर जप्ती आलीच म्हणून समज. दोघंही शिकलेले. शेवटी एक खाडा करून बुधाजी खालापूरच्या कचेरीत गेला.

तिथल्या कारकुनानं कागद वाचला. "व्याज नाही. शिक्षण संपून नोकरी लागली की हप्त्यानं फेडायचं. मुलगी शिक्षिका झाली तर नोकरीच्या दर वर्षाला दहावा भाग माफ. मयत झाली तर सगळं माफ. एक जामीन लागेल, घरदार असलेला."

"कोन मयत?"

"मुलगी. नियम आहे, तो वाचून दाखवतोय."

बुधाजी बाहेर आला तो पायीच घराकडे निघाला. एस्टी समोर उभी होती हे त्याच्या नंतर ध्यानात आलं. सतरा वर्षांच्या पोरीच्या मरणाची सोय कुणीतरी आधीच लिहून ठेवावी, आणि त्यात सवलत द्यावी, हे चांगलं की वाईट, त्याला ठरवता येईना. घरी ठकूबाईनं विचारलं, काय म्हणाले? तो म्हणाला, "व्याज नाय." बाकीचं त्यानं बायकोला कधीच सांगितलं नाही.

मालननं मात्र सगळं मांडून ठेवलं होतं. "फी आपल्याला माफच हाय आबा, बौद्ध असल्याचा दाखला जोडला की झालं. अडतंय ते पुण्यात राहन्याजेवन्याचं. सरकारी वसतिगृहात औंदा जागा नाय, पुढल्या वर्षी मिळंल. तवर एकच वर्ष ह्ये पैसे घेऊ. मग नको म्हनून कळवू."

"सरकारला नको म्हनता येतं?"

"येतं. मी पत्र घालून विचारलंय."

हिनं पत्र कधी घातलं, पत्ता कुठून काढला, कोण जाणे.

जामीन म्हणून त्यानं सोनुबाईला विचारलं. चौकला हमरस्त्यावर तिची खानावळ होती, मागं स्वतःचं घर होतं, आणि गँगमधली माणसं तिच्याकडेच जेवत.

"पोरगी नापास झाली तर?" तिनं विचारलं.

"तरी फेडायचं."

"आन् पास झाली तर?"

"तरी फेडायचं. मास्तरीन झाली तर नाय."

सोनुबाईनं पोळपाट बाजूला सारला. "मला काय कळलं नाय बुधाजी. तुला कळलंय का?"

"नाय."

"मग दोघं सारखेच. कुठं लावू अंगठा?"

मालन पुण्याला गेली. दुसऱ्या वर्षी वसतिगृहात जागा मिळाली आणि तिनं ठरल्याप्रमाणे शिष्यवृत्ती सोडली. मुकादम म्हणाला, येडी हाय तुझी पोरगी, मिळतंय ते कोन सोडतं? तेव्हाही बुधाजी दोन दिवस बेचैन होता. पुढं ती बी. ए., बी. एड. झाली आणि कर्जतजवळच्या कळंबच्या शाळेत लागली.

पहिला पगार झाला तसा बुधाजी हप्ता भरायला खालापूरला गेला. मागणी आलेली नाही म्हणून कारकुनानं पैसे घेतले नाहीत. दोन महिन्यांनी परत गेला, तेव्हाही नाही. वर्षभरानं गेला तर टेबलावर नवा माणूस होता. तो म्हणाला, "शिक्षिका आहे ना? मग दहावा भाग सुटला."

"कुनी सोडला?"

"शासनानं."

बुधाजीनं पैसे परत कनवटीला लावले आणि तसाच कर्जतवरनं कळंब गाठलं. शाळा सुटली होती. मालन एकटीच वह्या तपासत बसली होती.

"दहा वर्षं शिकवलंस की सगळं सुटनार?" त्यानं विचारलं.

"हो."

"आन् मधीच सोडलंस तर?"

"उरलेलं भरायचं."

तो बाकावर बसला. बाक लहान मुलांचा होता, त्याचे गुडघे वर आले. "मालन, तुला शिकवायला आवडतं का गं?"

असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"अजून कळलं नाय आबा."

"एका वर्षाचंच तर हाय. दोघं मिळून भरून टाकू. मग तू मोकळी. काय करायचं त्ये कर."

मालननं पुढ्यातली वही मिटली. मग म्हणाली, "नको. असंच फिटू द्या. आवडतं की नाय त्ये कळाया बी वेळ लागंल."

हे बरोबर की चूक, बुधाजीला सांगता आलं नसतं. तिनं उरलेल्या वह्यांचा अर्धा गठ्ठा त्याच्या हातात दिला आणि दोघं एस्टीच्या थांब्याकडे निघाली.